टमाटर, ऊन आणि पर्लकोटेचा पूर

मेसमधली टमाटरची चटणी पातळ झाली की आपण लगेच ओरडतो. पण भामरागडला भर पावसाळ्यात टमाटर पोचेलच याची खात्री नसते. पर्लकोटा फुगली की रस्ता पाण्याखाली. 2019 च्या पावसाळ्यात तर संपर्क पुन्हा पुन्हा तुटला. तयारी उन्हाळ्यातच हवी.

आधी थोडं गणित. टमाटरमध्ये साधारण 94 टक्के पाणी. म्हणजे 10 किलोत घन पदार्थ फक्त 600 ग्रॅम. 10 टक्के ओलावा राहील इतके वाळवले तर उरतात सुमारे 670 ग्रॅम. उडालेल्या 9.3 किलो पाण्याला लागणारी उष्णता सहा युनिट विजेइतकी! आपल्याकडचं मार्चचं ऊन ती फुकट देतं.

कृती सोपी आहे. पिकलेले पण घट्ट टमाटर धुवून अर्धा सेंटीमीटर जाड चकत्या करा. किंचित मीठ लावा, ते पाणी ओढून काढतं. कापडावर एका थरात पसरा, वरून मलमल झाका, रोज उलटवा आणि संध्याकाळी आत घ्या. ॲल्युमिनियमचं ताट नको, आंबटामुळे ते खराब होतं. चकती कटकन मोडली की झालं.

गार करून काचेच्या बरणीत भरा, आठवडाभर रोज हलवा. आतून दव दिसलं तर परत उन्हात. बुरशी दिसली तर सगळी बरणी फेका, मोह नको. नंतर झाकण घट्ट लावून अंधारात ठेवा.

क जीवनसत्त्व बरंच घटतं, आंबट चव मात्र टिकते. रस्ता बंद असेल त्या दिवशी वरणात चार चकत्या टाकून बघा, किंमत कळेल!