विंडोज आवृत्तीत काय द्यावं, काय वगळावं?

प्रश्न : आमचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर पायथनवर चालतं. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये पायथनसकट सगळंच द्यावं का? – एक विद्यार्थी, मुलुंड

उत्तर : ज्याच्याविना प्रोग्राम सुरूच होणार नाही ते द्या, बाकीचं ऐच्छिक ठेवा. पवईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पाचं ‘ई-सिम’ हे सर्किट-डिझाइनचं सॉफ्टवेअर पाहा. त्यात सर्किट काढायला कायकॅड, सिम्युलेशनला एनजीस्पाइस लागतं. लिनक्सवर अशा गोष्टी पॅकेज मॅनेजर गोळा करतो. विंडोजवर तो भार सहसा इन्स्टॉलरवरच येतो. फाइल फुगते हे खरं, पण कॉलेजच्या लॅबमध्ये मुलांना ॲडमिनचे अधिकार नसतात. तिथे पाच डाउनलोडपेक्षा एकच मोठी फाइल बरी. पायथन मात्र स्वतःच्या फोल्डरमध्येच ठेवा. पाथला हात लावलात, तर वापरणाऱ्याच्या इतर स्क्रिप्ट बिघडू शकतात.

खरा आक्षेप आकाराचा नाही, सुरक्षेचा आहे. 2023 मध्ये वेबपी चित्रं उघडणाऱ्या लिबवेबपी या लायब्ररीत गंभीर त्रुटी सापडली. ती वापरणाऱ्या क्रोम ब्राउझरने दुरुस्ती लगेच दिली. पण ती लायब्ररी पोटात घेऊन फिरणाऱ्या इतर ॲपना आपापली नवी आवृत्ती काढावी लागली. म्हणजे सोबत दिलेल्या प्रत्येक डीएलएलची देखभाल तुमच्या गळ्यात पडते. म्हणून प्रत्येक घटकाचं नाव, आवृत्ती आणि परवाना यांची यादी ठेवा. जीपीएलचा घटक असेल, तर त्याच आवृत्तीचा सोर्स उपलब्ध करणंही बंधनकारक आहे. शेवटी कोऱ्या विंडोजवर, इंटरनेट बंद करून, इन्स्टॉलर चालवून बघा. जे अडेल ते आत घ्या. ज्याच्याविना अडत नाही ते काढा.