पाळी थांबली की हाडांचं काय होतं?

सेकंड इयरला ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’ शिकताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो. बीम एकदा उभा केला की तो आपणहून बारीक होत नाही. पण आपल्या प्रत्येकाच्या अंगात २०६ हाडांचं एक स्ट्रक्चर आहे, ते रोज थोडं पाडलं जातं आणि रोज थोडं नव्याने बांधलं जातं. हे बांधकाम बंद पडायचं एक कारण हॉस्टेलमध्ये अगदी जवळ असतं, पण त्यावर कोणी बोलत नाही. ते म्हणजे कमी खाणं आणि त्यामुळे थांबलेली पाळी.

विषय मुलींचा आहे म्हणून मुलांनी पान उलटू नये. शेवटी तुमच्यासाठीही थोडं आहे!

हाड म्हणजे काँक्रीटचा खांब नव्हे

१८६६ साली झुरिचमध्ये कार्ल कुलमान या स्ट्रक्चरल इंजिनिअरने हर्मान फॉन मायर या शरीरशास्त्रज्ञाकडे मांडीच्या हाडाचा उभा छेद पाहिला. आतल्या जाळीच्या रेषा त्याला ओळखीच्या वाटल्या. क्रेनवर लोड आल्यावर प्रिन्सिपल स्ट्रेस ज्या दिशांनी जातो, जवळजवळ त्याच दिशांनी त्या गेल्या होत्या! पुढे १८९२ मध्ये जर्मन सर्जन यूलियस वोल्फने नियम मांडला की हाड आपल्यावर येणाऱ्या लोडप्रमाणे स्वतःची रचना बदलतं.

हे काम दोन प्रकारच्या पेशी करतात. ऑस्टिओक्लास्ट जुनं हाड खरवडून काढतात आणि ऑस्टिओब्लास्ट त्या जागी नवं भरतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दरवर्षी असा बदलला जातो. तरुणपणी भरणं जास्त आणि खरवडणं कमी असतं. विशीपर्यंत आपल्या आयुष्यातल्या हाडाचा बहुतेक साठा जमा होतो, उरलेला तिशीच्या आत. त्यानंतर फक्त खर्च! म्हणजे आपण आत्ता ज्या वयात आहोत, ते बँकेत पैसे टाकायचं शेवटचं वय आहे.

पाळीचा इथे काय संबंध?

ऑस्टिओक्लास्टना लगाम घालायचं काम इस्ट्रोजेन हे हार्मोन करतं. ते अंडाशयात तयार होतं, पण त्याची ऑर्डर मेंदूतून सुटते. हायपोथॅलॅमस ठरावीक वेळाने पल्स पाठवतो, त्यावर पिट्युटरी ग्रंथी आणि मग अंडाशय कामाला लागतं.

आता समजा एखादी मुलगी खूप कमी जेवते, किंवा जेवते ठीक पण दोन-दोन तास धावते. शरीराला मिळालेल्या ऊर्जेतून व्यायामाचा खर्च वजा केला की जे उरतं, त्यावर हृदय, मेंदू, किडनी सगळं चालवायचं असतं. ते पुरत नसलं की शरीर लोडशेडिंग सुरू करतं. जगायला ताबडतोब लागत नाही ते आधी बंद, आणि त्यात प्रजनन पहिलं. पल्स मंदावतात, इस्ट्रोजेन घटतं, पाळी थांबते. अॅन लाउक्स यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी तरुणींची शिल्लक ऊर्जा ठरावीक मर्यादेखाली नेल्यावर अवघ्या पाच दिवसांत हे पल्स बिघडलेले दिसले.

हाडाला मार दोन्हीकडून बसतो. इस्ट्रोजेन नसल्याने खरवडणं वाढतं. त्याच वेळी उपासमारीने आयजीएफ-१ हे वाढीचं हार्मोन कमी होतं आणि कॉर्टिसॉल वाढतं, त्यामुळे भरणंही मंदावतं. म्हणूनच अॅनोरेक्सियातली हाडांची झीज रजोनिवृत्तीनंतरच्या झिजेपेक्षा वेगळी आणि जास्त हट्टी असते.

आकडे काय सांगतात

१९८४ साली नॅन्सी रिगॉटी आणि सहकाऱ्यांनी अॅनोरेक्सिया असलेल्या तरुणींची हाडं मोजली. घनता कमी होती आणि काही जणींचे मणके चक्क दबून मोडलेले होते. त्याच वर्षी बार्बरा ड्रिंकवॉटर यांनी पाळी बंद झालेल्या खेळाडू मुली तपासल्या. त्यांचं सरासरी वय पंचविशीच्या आसपास, पण मणक्यांची घनता ५१ वर्षांच्या बाईएवढी!

आता आपलं गणित. जाळीदार हाडाची ताकद ढोबळमानाने घनतेच्या वर्गाप्रमाणे बदलते. घनता १५ टक्क्यांनी घटली तर ०.८५ × ०.८५ = ०.७२. म्हणजे ताकद सुमारे २८ टक्के गेली. मग त्याच हाडावर रोजची धाव पडली की पायाच्या किंवा नडगीच्या हाडात बारीक चीर जाते. डॉक्टर त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात, आपण फटीग फेल्युअर म्हणू.

काही गैरसमज

*‘पाळी नाही, बरं झालं, कटकट गेली.’* पाळी थांबणं हा अलार्म आहे. हाड झिजताना दुखत नाही, त्यामुळे बऱ्याचदा बाहेरून दिसणारी पहिली खूण हीच.

*‘गोळी घेतली की पाळी येते, मग प्रश्न काय?’* गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तस्राव होतो, पण ती तुमच्या शरीराने सुरू केलेली पाळी नसते. अशा मुलींमध्ये या गोळ्यांनी हाडांची घनता सुधारत नाही. म्हणून २०१७ च्या एंडोक्राइन सोसायटीच्या मार्गदर्शनात त्या यासाठी देऊ नयेत असं म्हटलंय. म्हणजे अलार्मची वायर कापली, आग तशीच.

*‘कॅल्शियम घेते ना!’* कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हवंच. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेव्हा भाकरी चांगलीच. पण वीट-सिमेंट आणून टाकलं आणि गवंडीच कामावर नसले तर भिंत उभी राहत नाही.

*‘ती तर बारीक नाही, तिला कसं होईल?’* वजन ‘नॉर्मल’ असूनही खाण्याचा आजार असू शकतो. पाळी चालू असूनही असू शकतो. अॅनोरेक्सियाच्या निदानासाठी पाळी बंद असलीच पाहिजे ही अट २०१३ मध्ये डीएसएम-५ या अमेरिकन नियमावलीतून काढून टाकली.

मग करायचं काय?

तीन महिने पाळी आली नाही, किंवा दोन पाळ्यांमधलं अंतर सतत ४५ दिवसांच्या वर जात असेल, तर डॉक्टरांकडे जा. कारण दरवेळी हेच असेल असं नाही. गर्भधारणा, थायरॉइड, पीसीओएस हेही तपासावं लागतं आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. डॉक्टरांना जेवण, व्यायाम, ताण हे सगळं खरं सांगा. गरज वाटल्यास ते डेक्सा स्कॅन करून हाडांची घनता मोजतील.

मुख्य औषध म्हणजे पुरेसं जेवण आणि वजन पूर्ववत होणं. ड्रिंकवॉटर यांनी १९८६ मध्ये दाखवलं की पाळी परत सुरू झालेल्या खेळाडूंची घनता वाढली. मात्र गेलेलं सगळं भरून येईलच याची खात्री नसते. म्हणून लवकर जाण्याला महत्त्व आहे.

पण ज्या मुलीला जेवणाचीच भीती वाटते, तिला ‘अगं, खा ना’ म्हणून काही होत नाही. हा हट्ट नाही, नखरे नाहीत, आजार आहे. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघंही लागतात. १४४१६ या सरकारी टेली-मानस नंबरवर मराठीतही बोलता येतं.

मुलांसाठी : गणित तुम्हालाही लागू आहे. ऊर्जा कमी पडली की टेस्टोस्टेरॉन घटतं आणि हाडं झिजतात. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या विकाराच्या व्याख्येत पुरुष खेळाडूंनाही घेतलं. तुम्हाला तर पाळीचा अलार्मही नाही!

रेक्टर मॅडम आणि स्टाफला एक विनंती. एखादी मुलगी महिनाभर मेसमध्ये दिसत नसेल, तर तिच्या मेस-कार्डाबद्दल विचारण्याआधी तिच्या तब्येतीबद्दल विचारा. आणि मैत्रिणींनो, रूममेटच्या ‘किती बारीक झालीस गं!’चं कौतुक करण्याआधी, एकटीला गाठून हळूच विचारा, “सगळं ठीक आहे ना? पाळी येते ना वेळेवर?” ती चिडेल कदाचित. तरी विचारा, आणि डॉक्टरांकडे जायला तयार झाली तर सोबत जा.