माशांचे पाणी मुरू द्या

मंडळी, आजकाल खेड्यांतल्या घरांतही काचेच्या पेटीत मासे दिसतात. पोरे हट्ट धरतात. बाप तालुक्याहून पेटी आणतो. त्याच दिवशी स्वच्छ पाणी भरतो आणि दहा मासे सोडतो. आठ-दहा दिवसांत एकेक मासा मरून तरंगू लागतो. घरचे म्हणतात, "नजर लागली." आम्ही सांगतो, नजर नाही हो! पाणी कच्चे होते.

कच्चे पाणी म्हणजे काय? गोठ्यात मूत साचले, की नाकाला झोंबणारा वास येतो. तो अमोनिया. मासा पाण्यातच राहतो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. नदीत तो विरून जातो. पेटीत कुठे जाणार? तो माशाचे कल्ले जाळतो. मासा कल्ल्यांनीच श्वास घेतो.

निसर्गाने यावर तोड ठेवली आहे. डोळ्यांना न दिसणारे काही जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच. त्याने माशाच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही. मग दुसरे जंतू नायट्राइटचे नायट्रेट करतात. थोडे नायट्रेट माशाला बाधत नाही. झाडांचे तर ते खतच! आपल्या शेतात शेणखताचेही असेच होते. विनोग्राद्स्की नावाच्या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जंतू वेगळे काढून दाखवले.

हे जंतू वाळूवर आणि गाळणीत वस्ती करतात. नव्या पेटीत ही वस्ती नसते. विरजण लावले, की दही एका रात्रीत होते. पण हे जंतू फार सावकाश वाढतात. त्यांना ४ ते ६ आठवडे लागतात.

तेव्हा असे करा :

१. नळाच्या पाण्यात टी.सी.एल. पावडर असते. त्यातला क्लोरीन मासे आणि जंतू दोघांनाही मारतो. म्हणून पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवा, मग वापरा.

२. कुणाच्या जुन्या, निरोगी पेटीतली मूठभर ओली वाळू आणा. हेच विरजण.

३. हवेचा पंप चालू ठेवा. जंतूंनाही हवा लागते.

४. ५० लिटर पाण्यात आधी दोन-तीनच गप्पी मासे सोडा. बाकीचे दीड महिन्याने, थोडेथोडे.

५. खाणे दिवसातून एकदाच, चिमूटभर. दोन मिनिटांत संपेल एवढेच.

६. दर दोन-तीन दिवसांनी चौथा हिस्सा पाणी बदला. काढलेले पाणी झाडांना घाला.

७. गाळणी नळाखाली धुऊ नका. पेटीतून काढलेल्या पाण्यातच खळबळा. नाहीतर जंतूंची वस्ती वाहून जाईल.

मासे वर येऊन तोंड उघडू-मिटू लागले, खाईनासे झाले, तर खाणे बंद करा. पंप पाहा. एक दिवस ठेवलेल्या पाण्याने चौथा हिस्सा पाणी लगेच बदला.

मासा मुका जीव आहे. त्याला नदी सोडून आपण घरात आणले. त्याचे पाणी सांभाळणे हे आपलेच काम. काचेतून स्वच्छ दिसणारे पाणी निर्मळ असतेच असे नाही. घाई करू नका. पाणी मुरू द्या.

सांगा पाहू :

१. माशाच्या घाणीतून कोणते विष होते?
२. जुन्या पेटीतली वाळू कशासाठी आणायची?
३. गाळणी नळाखाली का धुऊ नये?