हिवताप आणि वय

मुलांनो, मावळ तालुक्यातील वडिवळे येथे पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो. भाताची खाचरे भरतात. पाऊस ओसरला की जागोजागी पाणी साचते. त्यात डास वाढतात. ॲनॉफिलीस डासाच्या मादीत हिवतापाचे जंतू असले आणि ती चावली, तर ते जंतू आपल्या रक्तात शिरतात.

आता सांगा, हिवतापाचा धोका कोणाला अधिक? बाळाला की आजोबांना? याचे उत्तर गावावर अवलंबून आहे!

आफ्रिकेतील अनेक गावांत हिवताप नेहमीच असतो. तेथील बाळाला पहिले काही महिने आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती सांभाळते. पुढे ती संपते. म्हणूनच आफ्रिकेत हिवतापाने दगावणाऱ्या दर 4 जणांपैकी सुमारे 3 जण पाच वर्षांखालील मुले असतात. जी मुले वाचतात, त्यांना पुन्हा पुन्हा ताप येतो. हळूहळू त्यांचे शरीर या शत्रूला ओळखू लागते. मोठेपणी रक्तात जंतू असूनही पुष्कळांना ताप येत नाही.

पण ही शक्ती अपुरी असते. माणूस काही वर्षे दूर राहिला, तर ती कमी होते. गरोदरपणातही स्त्रियांना धोका वाढतो.

आपल्या पुणे जिल्ह्यात हिवताप कमी आहे. त्यामुळे येथील मोठ्या माणसांतही ही शक्ती तयार झालेली नसते. गडचिरोलीच्या जंगलभागात हिवताप अधिक आढळतो. मावळातील धडधाकट तरुण तेथे कामाला गेला, तर केवळ अंगातील बळ त्याला वाचवणार नाही. बळ वेगळे, प्रतिकारशक्ती वेगळी.

2023 साली जागतिक आरोग्य संघटनेने हिवतापाच्या 'आर 21' या लसीची शिफारस केली. ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. ती बाळाला सुमारे पाचव्या महिन्यापासून देतात. पाचव्याच महिन्यापासून का, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

तेव्हा मुलांनो, थंडी वाजून ताप आला, तर 'मी मोठा आहे, मला काय होणार?' असे म्हणू नका. लगेच रक्त तपासून घ्या. डॉक्टरांनी दिलेले औषध पूर्ण घ्या. घराभोवती पाणी साचू देऊ नका.

शब्दार्थ
हिवताप – मलेरिया
खाचर – भाताचे बांध घातलेले शेत
दगावणे – मरण पावणे
प्रतिकारशक्ती – रोगाशी लढण्याची ताकद

स्वाध्याय
1. तान्ह्या बाळाचे पहिले काही महिने रक्षण कशामुळे होते?
2. 'बळ वेगळे, प्रतिकारशक्ती वेगळी' असे का म्हटले आहे?