जर्मनीला निघालीस ना, मग एवढं ऐकून जा

नर्सिंग झालं, जर्मनची परीक्षाही होत आली, आणि आता सास्तूरहून थेट स्टुटगार्ट! पोटात गोळा येणारच गं. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जो तो तुला सल्ले देत असेल. त्यात माझेही ऐक, पण हे वहीत उतरवून घे.

खरं सांगू का, स्वतःला जपायला सुरुवात घरूनच करायची. परदेशात नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाला केंद्र सरकारची नोंदणी लागते. ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर त्याचं नाव स्वतः तपास. नाव सापडलं नाही, तर तो कितीही ओळखीचा असो, त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठव. नर्सच्या भरतीसाठी जर्मनीत सरकारी मानांकन मिळालेल्या संस्था आहेत, आणि त्यांच्या नियमाने भरतीचा खर्च नोकरी देणाऱ्यानं करायचा असतो. म्हणून कुणी लाखांची मागणी केली तर बाबांना शेत गहाण टाकू देऊ नकोस. करारात ‘मध्येच नोकरी सोडली तर इतके पैसे भरा’ असं कलम आहे का, तेही बघ. कळलं नाही तर सही थांबव. सहीला दोन दिवस उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही.

तिथे पोचलीस की पासपोर्ट तुझ्याकडेच राहिला पाहिजे. दाखवायला दे, ठेवायला देऊ नकोस. खोली बघितल्याशिवाय पैसे पाठवू नकोस. ‘मी बाहेरगावी आहे, चावी कुरिअरने पाठवतो’ म्हणणारा हमखास फसवा असतो. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ती तीन हप्त्यांत देता येते. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी कर, तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी घरमालकाकडून राहत असल्याचा लेखी दाखला लागतो, तो आधीच माग. बँक, कर, सगळी कामं नोंदणीच्या त्या एका कागदावर अडतात.

फोनमध्ये नंबर टाकून ठेव: पोलीस ११०, रुग्णवाहिका आणि आग ११२. बाईमाणसाला कुणी त्रास दिला तर ११६०१६, रात्रंदिवस आणि मोफत. पगार, रजा, जादा पाळ्यांचं काही खटकलं तर ‘फेअर इंटिग्रेशन’च्या केंद्रात फुकट सल्ला मिळतो. विचारलं म्हणून कुणी तुला अडाणी समजणार नाही. आणि फोनवर स्वतःला पोलीस म्हणवून पैसे मागणारा पोलीस नसतो, हे पक्कं.

आता पोटाचं. कुंथलगिरीचे पेढे आणि आईचं तूप पिशवीत घालू नकोस बाई, युरोपात सामानातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला मात्र भरपूर घे. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच भाजी आण. रात्री दहानंतर मिक्सर लावू नकोस, शेजारी वैतागतात.

पहिल्या थंडीत रडू येईल. येऊ दे. उन्हाळ्यात आपलं इथलं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतं, हिवाळ्यात साडेचार. आईला फोन करायची वेळ ठरवून घे, म्हणजे ती रात्रभर जागत बसणार नाही. पण फक्त फोनवर जगू नकोस. वॉर्डातली एक मैत्रीण, एक शेजारीण आणि मराठी मंडळातलं एक घर, एवढी माणसं पहिल्या काही महिन्यांत जोड. जर्मन मोडकी असली तरी बोल, बोलूनच सुधारते.

आणि बघ, नव्या जागी रुजणं तुझ्या घराला नवं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानं सास्तूर जमीनदोस्त झालं. आपल्या आजीच्या पिढीतल्या बायकांनी माणसं गमावली, आणि पुनर्वसनातल्या सरळ रेघेच्या गल्ल्यांत परक्या भिंतींमध्ये पुन्हा चुली मांडल्या. शेजार नवा, पाण्याची जागा नवी, तरी संसार उभे केले. ते त्यांनी एकेकटीनं केलं नाही, एकमेकींना धरून केलं. तूही तसंच कर.

कागद स्वतःजवळ ठेव, पैसे स्वतःच्या खात्यात ठेव, आणि अडचण आली की त्याच दिवशी कुणाला तरी सांग. लपवून ठेवू नकोस गं, एवढंच माझं ऐक.