एका औषधाची परीक्षा

परीक्षा केवळ विद्यार्थ्यांसच द्यावी लागते असें नाहीं. औषधांसही ती चुकत नाहीं. अशाच एका परीक्षेची हकीकत आम्ही येथें देत आहों.

कोणतें प्रथिन तयार करावयाचें, याची आज्ञा पेशींतील जनुकांत लिहिलेली असते. त्या आज्ञेची नक्कल आरएनए नांवाचा रेणु वाहून नेतो. कुलपास किल्ली बसावी तसा या नकलेशीं जुळणारा लहानसा कृत्रिम धागा पेशींत शिरला, तर तो तिला चिकटतो. मग पेशींतीलच एक द्रव्य ती नक्कल तोडून टाकतें, आणि आज्ञा पोंचतच नाहीं. यास जनुक मूक करणें म्हणतात. अमेरिकेंतील झामेक्निक व स्टीफनसन यांनीं १९७८ सालीं एका विषाणूवर ही युक्ति करून दाखविली.

प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग शरीरांत पसरून हार्मोनच्या उपचारांस दाद देईनासा झाला, म्हणजे केमोथेरपींतील डोसेटॅक्सेल हें औषध देतात. परंतु औषधाचा मारा होतांच रोगट पेशी क्लस्टरिन नांवाचें प्रथिन वाढवून आपला बचाव करितात. ही ढाल काढून घ्यावी, या हेतूनें कॅनडांतील व्हँकूव्हर येथील डॉ. मार्टिन ग्लीव्ह यांच्या संशोधनांतून कस्टिर्सेन हें औषध पुढें आलें.

प्रथम ८२ रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्या तसे, दोन गट केले. दोहोंसही डोसेटॅक्सेल दिलें. एकास त्याजबरोबर कस्टिर्सेन. निकाल २०१० सालीं प्रसिद्ध झाला. रक्तांतील पीएसए हें रोगाचें चिन्ह उतरतें काय, हा मुख्य प्रश्न होता. त्यांत दोन्ही गट जवळजवळ सारखेच ठरले. परंतु निम्मे रुग्ण ज्या मुदतीपलीकडे जगले, ती मुदत एका गटांत १६.९ महिने, तर कस्टिर्सेनच्या गटांत २३.८ महिने भरली. आशा वाटणें साहजिकच होतें.

तथापि वाचकहो, नाणें दहा वेळां उडविल्यास सात वेळां छाप पडणें नवल नव्हे; हजार वेळांत सातशें छाप मात्र योगायोगानें पडत नाहींत. म्हणून १,०२२ रुग्णांवर पुनः परीक्षा झाली. तिचा सविस्तर निकाल २०१७ सालीं छापून आला: मुदत एकीकडे सुमारें २३ महिने, दुसरीकडे सुमारें २२. एवढा फरक योगायोगानेंही पडूं शकतो; औषध अनुत्तीर्ण झालें.

मग हे श्रम व्यर्थ गेले काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ही दुसरी परीक्षा झाली नसती, तर ज्यांचे दिवस मोजके, अशा किती तरी रुग्णांनीं दर आठवड्यास शिरेंतून हें औषध घेतलें असतें, घरच्यांनीं त्यापायीं कर्ज काढलें असतें, आणि पदरीं कांहींच पडलें नसतें. मूळ तत्त्वही खोटें ठरलें नाहीं. एका आनुवंशिक मज्जारोगावरील इनोटरसेन या त्याच जातीच्या औषधास २०१८ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळाली.

नव्या औषधाची वार्ता वाचतांना तीन प्रश्न अवश्य विचारावे: रुग्ण किती होते? तुलना कोणाशीं केली? परीक्षा पुनः झाली काय? त्या हजारावर रुग्णांनीं आपल्या अखेरच्या काळांत हें ज्ञान आपणांस मिळवून दिलें आहे. त्याचें मोल ‘नाहीं’ या उत्तरानें कमी होत नाहीं.