बाळ अंगावर पीत नाही? वरचं दूध सुरू करण्याआधी हे करून पाहा

बाळंतिणीच्या खोलीतून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक वाक्य हमखास ऐकू येतं : "बाळ छातीला लागतच नाही, बाईला दूधच नाही." मग घरातलं कोणीतरी मेडिकलमधून पावडरीचा डबा आणि बाटली घेऊन येतं. खापा आणि आजूबाजूच्या गावांत बाळंतिणींच्या घरी जाताना आम्ही हे वारंवार पाहतो. बाटली प्यायलेलं बाळ शांत झोपतं, घर निर्धास्त होतं, आणि आईचं दूध तिथून आटायला लागतं. छातीतून दूध जितकं ओढलं जातं तितकंच नवीन तयार होतं, ओढलं गेलं नाही तर शरीर दूध बनवणं कमी करतं. महिनाभरात डब्याचा खर्च रोजमजुरीच्या घराला झेपेनासा होतो. मग एका चमच्याच्या जागी अर्धा चमचा पावडर पडते, पाणी वाढतं, बाटली नीट उकळली जात नाही, आणि बाळ जुलाबाने दवाखान्यात पोचतं.

म्हणून आमचं सांगणं असं की बाळ तोंड फिरवतं तेव्हा त्यामागे काहीतरी कारण असतं. बहुतेक वेळा ते सापडतं आणि काही दिवसांत दुरुस्तही होतं. तोपर्यंत दोन गोष्टी राखायच्या : बाळाचं पोट आणि आईचं दूध.

आधी तपासा : बाळ आजारी तर नाही?

सगळ्यात पहिला प्रश्न हाच. नवजात बाळाचा आजार बरेचदा खोकल्याने किंवा तापाने सुरू होत नाही, "पीत नाही" इथूनच सुरू होतो. खालीलपैकी एक जरी खूण दिसली तरी घरचे उपाय करत बसू नका :

- चांगलं पिणारं बाळ अचानक प्यायचं थांबलं, किंवा जन्मापासून एकदाही ओढून प्यायलं नाही
- बाळ मलूल आहे, हलवल्याशिवाय हालचाल करत नाही
- शांत असतानाही मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाते
- अंग तापलेलं (३७.५ अंश सेल्सिअस किंवा जास्त) किंवा हात लावल्यावर गार लागतं
- झटके येतात
- पहिल्याच दिवशी कावीळ दिसते, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले आहेत
- उलटी हिरवी होते, पोट फुगलं आहे

अशा वेळी रात्र असली तरी १०८ ला फोन करा. गावातलं आरोग्य केंद्र, सावनेर, नाहीतर नागपूरचं मेडिकल, मेयो किंवा डागा दवाखाना गाठा. जाताना बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून, वरून कापड गुंडाळून न्या, म्हणजे वाटेत ते गार पडणार नाही. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार आणि नेण्या-आणण्याचं वाहन जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. दृष्ट काढण्यात किंवा अंगारा लावण्यात गेलेला तास बाळाला परत मिळत नाही.

बाळ तोंड का फिरवतं?

बाळ तपासलं, आजारी नाही असं कळलं, तर पुढची कारणं एकेक करून पाहा.

काही बाळं दमलेली असतात. बाळंतपण लांबलं, सिझर झालं किंवा आईला भूल-वेदनेची औषधं दिली गेली की बाळ पहिले एक-दोन दिवस झोपाळू असतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ घालता येत नाही, ते दोन घोट घेऊन झोपी जातं. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावला असेल तर डोक्याची एक बाजू दुखत असते आणि त्या बाजूने धरलं की बाळ रडतं.

काही बाळांना आधी बाटली मिळालेली असते. बाटलीतून दूध आपोआप तोंडात येतं. छातीला मात्र मोठं तोंड उघडून, जीभ पुढे आणून ओढावं लागतं. मध, गुळाचं पाणी, घुटी चाटवली असेल तर भूकच मंदावते, आणि मधाने लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

तिसरं कारण आम्हाला सगळ्यात जास्त दिसतं. मदत करणारी बाई बाळाचं डोकं मागून धरून छातीवर दाबते. डोक्यावर मागून दाब आला की बाळ उलट मान मागे ताठ करतं. दोन-तीन वेळा असं झालं की छाती दिसताच ते रडायला लागतं, आणि "बाळाला आईचं दूध आवडत नाही" असा निकाल घरात लागतो.

शेवटी आईची छाती पाहा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध दाटून छाती दगडासारखी झाली की बोंड सपाट होतं आणि बाळाच्या तोंडात बसत नाही. काहींचं बोंड मुळातच आत दबलेलं असतं.

काय करायचं?

१. बाळाला उघड्या छातीवर ठेवा. बाळाला फक्त लंगोट आणि टोपी. आईने अर्धवट टेकून बसावं, बाळ दोन स्तनांच्या मध्ये पालथं, तोंड एका बाजूला वळवलेलं, नाक मोकळं, वरून लुगड्याचा पदर किंवा ओढणी. आई जागी हवी. असं तासभर, दिवसातून अनेकदा. पाजण्याची घाई करू नका. बाळ आपणहून जीभ बाहेर काढतं, मुठी चोखतं, डोकं हलवत बोंडाकडे सरकतं. तीच पाजायची वेळ. रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे. रडून लाल झालेलं बाळ छातीला लागत नाही, त्याला आधी शांत करा.

२. धरण्याची पद्धत बदला. बाळाचं कान, खांदा आणि कंबर एका रेषेत, पोट आईच्या पोटाला चिकटलेलं, पूर्ण अंगाला आधार. हात मानेखाली आणि खांद्यांना असावा, डोक्याच्या मागे नको. बाळाचं नाक बोंडासमोर आणा, बोंड वरच्या ओठाला हलकेच लावा आणि थांबा. जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडलं की बाळाला चटकन छातीकडे आणा, आईने वाकून छाती बाळाकडे नेऊ नये. नीट लागलं असेल तर हनुवटी छातीला टेकते, खालचा ओठ बाहेर वळतो, आणि बोंडाभोवतीचा काळा भाग वरून जास्त, खालून कमी दिसतो. आईला सतत टोचून दुखत असेल तर बाळ फक्त बोंड चावतंय. करंगळी त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडवा आणि परत लावा.

सिझर झालेल्या आईने बाळ कुशीखालून, काखेकडून धरावं किंवा कुशीवर झोपून पाजावं, म्हणजे टाक्यांवर ओझं येत नाही.

३. दाटलेली छाती आधी मऊ करा. कोमट पाण्याचं फडकं पाच मिनिटं ठेवा, हलका हात फिरवा, थोडं दूध हाताने काढा, मग बाळाला लावा. बोंड आत दबलेलं असेल तर सिस्टरकडून सिरिंजची युक्ती शिकून घ्या. नवीन सिरिंजचं सुईकडचं टोक कापून दट्ट्या त्या बाजूने घालतात, गुळगुळीत बाजू बोंडावर ठेवून हळूच ओढतात. पाजण्याआधी अर्धा-एक मिनिट पुरे. दुखेल इतकं ओढायचं नाही.

तोपर्यंत दूध काढा, वाटी-चमच्याने पाजा

बाळ छातीला लागत नसेल त्या दिवसांतही दर दोन-तीन तासांनी दूध काढायचं, दिवसरात्र मिळून किमान ८ वेळा. रात्रीचं एक तरी काढणं चुकवू नका, कारण दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. हात साबणाने धुवा. अंगठा काळ्या भागाच्या वरच्या कडेला, तर्जनी खालच्या कडेला. आधी छातीच्या पिंजऱ्याकडे मागे दाबा, मग दोन्ही बोटं एकमेकांकडे दाबून सोडा. बोंड पिळू नका. पहिल्या दिवशी थेंबच येतील आणि थेंबच पुरतात, कारण त्या वेळी बाळाला एका खेपेला चमचाभरच लागतं. तो पिवळसर चीक पिळून फेकू नका, बाळाची ती पहिली राखण आहे.

काढलेलं दूध उकळलेल्या वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने पाजा. बाळाला उभट धरा, दूध ओठाला लावा, त्याला आपणहून चाटू द्या. घशात ओतू नका. काढलेलं दूध साध्या हवेत ४ तासांच्या आत वापरा, आपल्याकडच्या मे महिन्यात तर काढल्याबरोबर पाजा. फ्रिज असेल तर २४ तास चालतं. उन्हाळा कितीही असो, ६ महिन्यांपर्यंत बाळाला पाणी द्यायचं नाही. आईचं दूध बहुतांशी पाणीच आहे. उन्हाळ्यात फक्त पाजण्याच्या खेपा वाढवा.

पुरतंय की नाही, कसं ओळखायचं?

बाळ रडतं म्हणून दूध कमी, हे माप खोटं आहे. खरं माप शी, शू आणि वजन. पाचव्या दिवसापासून २४ तासांत किमान ६ वेळा फिकट शू, काळी शी बदलून पिवळी होणं, आणि पाजताना गिळल्याचा आवाज. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, पण जन्मवजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त उतरू नये. म्हणजे ३ किलोचं बाळ २ किलो ७०० च्या खाली गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. साधारण दोन आठवड्यांत जन्मवजन परत यायला हवं.

घरच्यांचं काम

पान्हा फुटणं मनाशी बांधलेलं आहे. "तुला दूधच नाही" हे दिवसातून दहा वेळा ऐकणाऱ्या आईचा पान्हा अडखळतो. तिला तहानेप्रमाणे पाणी आणि भूक लागेल तितकं जेवण द्या. वरण, भाकर, भाजी, अंडं सगळं चालतं. बाळंतिणीचं पाणी तोडू नका. धुणं, स्वयंपाक आणि मोठं लेकरू नवऱ्याने, सासूने वाटून घ्यावं.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हेच मांडलं होतं : बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे. पुढे १९४३ मध्ये मजूर खात्याचे मंत्री म्हणून खाणीतल्या बायांच्या प्रसूती लाभाचं दुरुस्ती विधेयकही त्यांनी आणलं. आज कायद्याने नोकरदार आईला, कामावर परतल्यावर, बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज पाजण्यासाठी दोन सुट्ट्या मिळतात. शेतात कापूस वेचणाऱ्या, संत्र्याच्या बागेत राबणाऱ्या बाईला मात्र हा कायदा पोचत नाही. तिची विश्रांती घरानेच द्यायची आहे.

आणि डबा?

कधी डॉक्टर तपासून वरचं दूध द्यायला सांगतात, विशेषतः वजन फार कमी असेल किंवा रक्तातली साखर उतरली असेल तेव्हा. मग ते द्यायचं, आईने मनाला लावून घ्यायचं नाही. पण वाटी-चमच्याने, डब्यावरच्या मापाप्रमाणे, आणि सोबत स्वतःचं दूध काढणं चालू ठेवून. मात्र तपासणी न करता कोणी डब्याचं नाव लिहून दिलं किंवा फुकट नमुना हातात ठेवला, तर विचारा : "कशासाठी?" १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या डब्याची आणि बाटलीची जाहिरात करायला आणि आयांना फुकट नमुने वाटायला बंदी आहे.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायला हव्यात. तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता पहिल्याच दिवशी त्यांना निरोप द्या, आणि त्या आल्या की बाळ छातीला लावूनच दाखवा. बसून पाहिल्याशिवाय चूक कळत नाही. एका दिवसात बाळ लागेल असं नाही, कधी आठवडा लागतो. तेवढे दिवस बाळ छातीशी राहू द्या आणि दूध काढणं थांबवू नका.